खत, खरेदीखत आणि छापा

जिल्ह्याच्या पुरवणीत ही बातमी अधूनमधून येतच असते : अवैध सावकाराच्या घरावर सहकार विभागाचा छापा. मजकूरही बहुधा ठरलेला. तालुक्याचे सहायक निबंधक, दोन-तीन कर्मचारी, बंदोबस्ताला पोलीस, पंच म्हणून कुठल्यातरी कार्यालयातले दोघे. कपाटातून नाहीतर गादीखालून निघालेले कोरे धनादेश, सही घेऊन ठेवलेले कोरे स्टॅम्पपेपर, खरेदीखतांच्या झेरॉक्स प्रती आणि आकड्यांनी भरलेली एखादी डायरी. पंचनामा होतो, सगळे बांधून कचेरीत जाते. पथकाला नोटांशी फारसे कर्तव्य नसते. त्याला कागद हवे असतात.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनाही कागदच हवे होते. त्यांनी सावकारांच्या पेढ्यांत शिरून खतांची दप्तरे बाहेर काढली आणि जाळली. तेव्हा कायदा सावकाराच्या बाजूने होता आणि कागद मागणारे गुन्हेगार ठरले. आज कागद न्यायला खुद्द सरकार येते. ही उलटापालट व्हायला जवळजवळ १४० वर्षे लागली. व्याजाने पैसे देण्यासारख्या जुन्या धंद्याला परवाना कसा चिकटला आणि बिनपरवाना सावकाराच्या मागे धावण्याचे काम पोलिसांऐवजी सहकार खात्याच्या गळ्यात कसे पडले, हे त्या वाटेने मागे गेल्याशिवाय कळत नाही.

पेशवाईत सावकाराला कुणाच्या परवान्याची गरज नव्हती. पेशवेच त्याचे देणेकरी असत. वसुलीची त्याची स्वतःची रीत होती, तिचे नाव तगादा. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावर जो अहवाल लिहिला, त्यात या तगाद्याच्या चढत्या पायऱ्या दिल्या आहेत. आधी नुसती मागणी, मग दारात बसवलेला माणूस, मग कर्जदाराचे जेवण अडवणे, उन्हात बसवणे, डोक्यावर धोंडा देऊन एका पायावर उभे करणे. धनको स्वतः दारात उपाशी बसला की ते धरणे. सरकार या भानगडीत सहसा पडत नसे. वाचताना अंगावर काटा येतो हे खरे, पण या रीतीला दोन लगाम होते. एक दामदुप्पटीचा : कितीही वर्षे लोटली तरी व्याज मुद्दलाच्या वर जायचे नाही. दुसरा लगाम कुणी मुद्दाम घातलेला नव्हता. कुळाची जमीन सहजासहजी विकली जात नसल्यामुळे सावकाराला तिच्यावर डोळा ठेवून फायदा नव्हता. त्याला कर्जदार जिवंत, गावात आणि शेतात राबता हवा होता.

इंग्रजांनी हे दोन्ही सैल केले, आणि तेही सुधारणा म्हणून. रयतवारीत जमीन ज्याच्या नावावर लागली त्याला ती गहाण टाकता येऊ लागली, विकता येऊ लागली. आरंभी मुंबई इलाख्यात १८२७ च्या रेग्युलेशनने व्याजाला वर्षाला १२ टक्क्यांची मर्यादा होती. १८५५ साली हिंदुस्थानभरचे व्याजमर्यादेचे कायदेच रद्द झाले. करार करणारे दोघे शहाणे असतात, मग दर त्यांचा त्यांनी ठरवावा, हा त्या काळच्या विलायती अर्थशास्त्राचा विचार. १८५९ साली दिवाणी दाव्यांचे नवे संहितापुस्तक आले आणि मुदतीचा कायदाही आला. मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाचा दावा तीन वर्षांत लावावा असे ठरवले. हेतू असा की सावकाराने वर्षानुवर्षे व्याज चढवत बसू नये. झाले असे की दर तिसऱ्या वर्षी सावकार कुळाला बोलावून नवे खत लिहून घेऊ लागला, आणि मागचे सगळे व्याज नव्या खतात मुद्दल होऊन बसू लागले. दामदुप्पट कागदावर शाबूत राहिली, कारण दर तीन वर्षांनी दाम नवाच असे. शंभराचे खत दोन-तीन फेऱ्यांत कुठे गेले हे कुळाला वाचता येत नव्हते. मुन्सफाला येत होते, पण त्याच्यापुढे फक्त शेवटचे खत असे.

अमेरिकेतले यादवी युद्ध चालू असताना कापसाला सोन्याचे दिवस आले आणि दख्खनेत कर्ज मागेल त्याला मिळू लागले. १८६५ साली ते युद्ध संपले, भाव कोसळले, आणि त्याच सुमारास पहिल्या तीस वर्षांची जमाबंदी संपून फेरपाहणीने सारा वाढला. सावकाराने हात आखडता घेतला आणि हातातली खते कोर्टात नेली. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करड्यात एका मारवाडी सावकाराने दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावर गावच्या देशमुखाचे घर पाडायला घेतले, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांच्या घरी कुणी काम करेना, पाणी भरेना. सुप्याचा उठाव त्यानंतर पाच महिन्यांनी झाला आणि पुणे-अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसेक गावांत पसरला. ९५१ माणसे पकडली गेली. सावकाराने दप्तर मुकाट्याने हवाली केले त्या बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही, असे सरकारी चौकशीतच नमूद झाले. रोख बाहेरून आलेल्या मारवाडी-गुजराती सावकारांवर होता. व्याज खाणारे गावचे ब्राह्मण बऱ्याच ठिकाणी सुटले. या भेदाकडे दंगलीच्या गौरवकथांत सोयीने काणाडोळा केला जातो. पण बाहेरचा सावकार आणि आपला सावकार यांतला हा फरक पुढच्या प्रत्येक कारवाईत डोके वर काढतो.

दंगलीच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि १८७९ साली डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. तो आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. यात परवाना नव्हता. सावकारी कुणीही करावी. फक्त शेतकऱ्यावर दावा आला की न्यायाधीशाने शेवटच्या खतावर न थांबता व्यवहाराचा सगळा इतिहास उकरावा, पहिले मुद्दल किती होते ते शोधावे आणि व्याजाचा हिशेब नव्याने मांडावा. शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकणे बंद झाले. सावकाराने पावती द्यायची, हिशेब द्यायचा. खते गावच्या रजिस्ट्रारपुढे व्हायची. दावा कोर्टात जाण्याआधी गावोगावचे समेटकर्ते तडजोड करू पाहणार. या सगळ्यावर देखरेख करायला एक खास न्यायाधीश. १८८० च्या दशकात त्या जागेवर महादेव गोविंद रानडे आले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून मुन्सफांची दप्तरे तपासू लागले. त्याच दशकात, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. त्यात सावकाराइतकेच फटके कोर्टकचेरीतल्या कामगारांना आहेत. कोर्टाच्या हातून दिलासा देण्याच्या त्या काळातल्या योजनेवर याहून बोलकी टीका मला माहीत नाही.

सावकाराने या कायद्याला दिलेले उत्तर साधे होते. गहाणाचा इतिहास उकरता येतो ना? मग गहाण घ्यायचेच नाही, विक्री घ्यायची. शेतकऱ्याला पाचशे रुपये हवेत तर त्याने जमिनीचे खरेदीखत लिहून द्यायचे, आणि पैसे परत आले की जमीन परत, असे तोंडी ठरायचे. कागदावर कर्ज नाही, व्याज नाही, शेतकरी नावाचा ऋणकोसुद्धा नाही. एक जमीन विकणारा आहे आणि एक घेणारा. सरकारच्याही हे लक्षात आले. १९०७ च्या सुमारास कायद्यात दहा-अ हे कलम घातले गेले : कागदावर विक्री लिहिली असली तरी व्यवहार मुळात गहाणाचा होता की काय हे कोर्टाने तोंडी पुराव्यावरूनही ठरवावे. एरवी लेखी दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही, म्हणून हे पाऊल मोठे धाडसाचे होते. या कलमाचे नाव आज फारसे कुणाला आठवत नाही, पण छाप्याच्या बातम्यांतल्या खरेदीखतांचा सगळा इतिहास त्याच्यात आहे.

कारण त्यानंतर उलटा फेरा आला. १९२९ साली मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. सशर्त विक्रीला गहाण मानायचे तर ती शर्त त्याच दस्तात लिहिलेली पाहिजे, असे त्यात ठरले. कोर्टांतले वाद कमी व्हावेत हा हेतू. सावकाराला मात्र कृती सापडली. खरेदीखत एका कागदावर नोंदवायचे, आणि परत देण्याचा करार वेगळ्या कागदावर करायचा, नाहीतर करायचाच नाही. ज्याला खेड्यात मुदत खरेदी म्हणतात तिची मुदत कागदावरून अशी नाहीशी झाली. आजही दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हे दस्त रोजच्या खरेदी-विक्रीत मिसळून जातात. त्यांतला कुठला खरा सौदा आणि कुठला गहाणाचा, हे कागदाकडे पाहून कुणाला सांगता येणार नाही.

याच काळात सावकार मराठी करमणुकीतही कायमचा येऊन बसला. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली कोल्हापुरात ‘सावकारी पाश’ काढला. कथा नारायण हरी आपट्यांची, आणि जमीन गमावून मुंबईच्या गिरणीत जाणाऱ्या शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. लबाडीचा कागद आणि त्यापायी गेलेली जमीन ही त्या मूकपटाची गोष्ट. गंमत म्हणजे तो शेतकरी मुंबईला पोचल्यावरही सावकारापासून सुटत नव्हताच. तिथे गिरणीच्या दारात पगाराच्या दिवशी काठी घेऊन पठाण उभा असे. त्याला खत लागत नव्हते, कोर्टही लागत नव्हते. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या मजूर आयोगाने १९३१ च्या अहवालात कारखान्याच्या दारात वसुलीसाठी घेराव घालणे हा गुन्हा ठरवावा अशी शिफारस केली, ती अशाच अनुभवांवरून.

परवान्याची कल्पना १९३० च्या दशकात जोर धरू लागली. मंदीने शेतमालाचे भाव पाडले होते, प्रांतोप्रांती बँकिंग चौकशी समित्यांचे अहवाल आले होते, आणि १९३७ नंतर निवडून आलेली मंत्रिमंडळे गादीवर होती. मध्य प्रांताने १९३४ सालीच सावकारांसाठी वेगळा कायदा केला होता. विदर्भ तेव्हा त्याच प्रांतात. पंजाबात छोटूराम यांच्या पुढाकाराने १९३८ साली सावकारांची नोंदणी आली. निजामाच्या राज्याने १३४९ फसलीत, म्हणजे १९४० च्या आसपास, आपला कायदा केला. मराठवाड्याचा सावकार त्याच्या कक्षेत गेला. मुंबई इलाख्यात मात्र हे काम लांबले आणि बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ दुसऱ्यांदा आले तेव्हा ‘मुंबई सावकार अधिनियम, १९४६’ झाला. आजचा महाराष्ट्र एका राज्यात येईपर्यंत त्याच्या तीन भागांत तीन वेगळे सावकारी कायदे होते, हे पाहिले म्हणजे विदर्भात आणि पश्चिम महाराष्ट्रात सावकारीची चाल इतकी वेगळी का, याचा थोडा अंदाज येतो.

१९४६ च्या कायद्याने निबंधकाकडून परवाना घेणे सक्तीचे केले. हिशेबाच्या वह्या ठरावीक नमुन्यात ठेवायच्या, कर्जदाराला खात्याचा उतारा द्यायचा, पावती द्यायची, सरकार ठरवील त्याहून जास्त व्याज घ्यायचे नाही. दामदुप्पट पुन्हा कायद्यात लिहिली गेली : थकलेले व्याज मुद्दलाहून जास्त असेल तर तेवढ्याचा हुकूमनामा कोर्टाने द्यायचा नाही. पठाणाची आठवण ठेवून, कर्जदाराच्या घराभोवती किंवा कामाच्या जागेभोवती घुटमळणे, त्याचा सतत पाठलाग करणे हाही गुन्हा ठरला. आणि सगळ्यात मोठा दट्ट्या असा की ज्याच्याकडे कर्ज देताना परवाना नव्हता त्याला कोर्टाने हुकूमनामा द्यायचा नाही.

कागदावर हा दट्ट्या फार वजनदार दिसतो. १८७५ साली सावकाराची सगळी ताकद कोर्टात होती, म्हणून कोर्टाचे दार बंद केले की तो नरमेल असा हिशेब. पण तो १८७५ च्या सावकारासाठी केलेला हिशेब होता. १९४६ पर्यंत सावकाराने कोर्टाची वाट केव्हाच सोडली होती. ज्याच्या हातात नोंदवलेले खरेदीखत आहे आणि सातबाऱ्यावर ज्याचे नाव चढले आहे, त्याला कर्जाचा दावा लावायचाच नसतो. दावा लावायचा तो बिचाऱ्या शेतकऱ्याने, आपली जमीन परत मिळवायला. परवाना घेतला तो प्रामुख्याने सराफांनी आणि सोनेतारणाचा उघड धंदा करणाऱ्यांनी. त्यांचे दुकान बाजारात, पाटी दारावर, तपासणीला येणारा निरीक्षक ओळखीचा. ज्याच्यासाठी कायदा केला तो कृषी सेवा केंद्र चालवतो, शाळेत शिकवतो, गावचे राजकारण करतो, आणि मागील दाराने महिना पाच-दहा टक्क्यांनी पैसे देतो. वर्षाला साठ ते एकशेवीस टक्के! हंगामाला देऊन कापणीला दीडपट घेणारी विदर्भातली दिढी ही त्याच कुळातली. अशांचा परवान्याच्या वहीत पत्ताच नसतो.

नोंदणी आणि तपासणी सहकार निबंधकाकडे दिली गेली यात मात्र तर्क होता. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली झाला तोच सावकाराला पर्याय उभा करायला. मग सावकारावर लक्ष ठेवायला त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे खाते नेमावे, यात गैर काय? पण हा प्रतिस्पर्धी फार कच्चा होता. रिझर्व्ह बँकेने गोरवाला समितीकडून करवून घेतलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत, जिच्यावर पुण्याचे धनंजयराव गाडगीळही सदस्य होते, १९५१-५२ साली शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के निघाला. धंदेवाईक आणि शेतकरी सावकार मिळून जवळजवळ ७० टक्के. पुढे महाराष्ट्रात सहकार वाढला, कारखाने आले, जिल्हा बँका आल्या, आणि त्याच वाढीने सहकार खात्याला कामाच्या ढिगाऱ्यात गाडले. सोसायट्यांच्या निवडणुका, लेखापरीक्षण, कर्जवसुली, बाजार समित्या. त्या टेबलावर सावकारीची फाईल सगळ्यात खाली असते. शिवाय ज्या गावात सोसायटीचा अध्यक्ष किंवा बाजार समितीचा संचालकच व्याजाचा धंदा करतो, तिथे त्याच्या घरी छापा घालायला जाणारा अधिकारी उद्या त्याच्याच सभेला बसणार असतो.

आणीबाणीत सरकारने परवान्याची वाट बाजूला ठेवून सरळ कर्जावरच हात टाकला. महाराष्ट्र ऋणमुक्ती कायद्याने अल्पभूधारक, कारागीर आणि मजुरांची सावकारी कर्जे संपली असे जाहीर केले आणि तारण ठेवलेले दागिने-भांडी परत करायला सांगितले. सराफ आणि सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७७ च्या जानेवारीत न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालाने तो कायदा उचलून धरला. भांडी परत मिळाली त्या घरांत या कायद्याची आठवण अजून निघते. ज्यांनी जमीन ‘विकली’ होती त्यांना मात्र परत मागायला कर्जच नव्हते.

नंतर वीस-पंचवीस वर्षे हा विषय मागे पडला तो विदर्भातल्या आत्महत्यांनी पुन्हा वर आणला. २००५-०६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेचा आणि इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा, असे दोन अभ्यास आले. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग येऊन सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर करून गेले. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील अवैध सावकारांना सोलून काढण्याची भाषा करत होते. जिल्ह्याजिल्ह्यांत सावकारीविरोधी समित्या झाल्या, गुन्हे नोंदले जाऊ लागले.

बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावचे प्रकरण त्याच उन्हाळ्यातले. एका सत्ताधारी आमदाराच्या कुटुंबाविरुद्ध शेतकऱ्यांनी सावकारीच्या तक्रारी दिल्या होत्या. ३१ मे २००६ रोजी तिथल्या पोलीस ठाण्याच्या डायरीत एक नोंद झाली : मुख्यमंत्र्यांच्या सचिवाचा फोन आला, त्या कुटुंबाविरुद्धच्या तक्रारींबद्दल. मग बैठक झाली. लगेच जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला की अशा तक्रारी आधी जिल्हा समितीपुढे ठेवाव्यात, सरकारी वकिलांचे मत घ्यावे आणि मगच गुन्हा नोंदवावा. तक्रारदार शेतकरी नागपूर खंडपीठात गेले. खंडपीठाने राज्य सरकारला २५ हजार रुपयांचा दंड केला. त्यावर राज्य सरकार अपिलात गेले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१० रोजी तो दंड दहा लाखांवर नेला आणि तत्कालीन मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या हस्तक्षेपावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. निकाल आला तेव्हा देशमुख केंद्रात मंत्री होते. दंड राज्याच्या तिजोरीतून गेला, म्हणजे आपल्या खिशातून. मला या प्रकरणात त्या डायरीतली नोंद सगळ्यात मोलाची वाटते. फोन आला असे लिहून ठेवणारा एक पोलीस त्या ठाण्यात होता, म्हणून पुढचे सगळे सिद्ध झाले.

नव्या कायद्याचे विधेयक विधिमंडळाने २०१० सालीच मंजूर केले होते, पण राष्ट्रपतींच्या संमतीच्या फेऱ्यात ते अडकले. अखेर जानेवारी २०१४ मध्ये ‘महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम’ अमलात आला. परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद, नाहीतर ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चक्रवाढ व्याज बंद. शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांना १५ आणि १८ टक्के, असे दर त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ठरले. सहकार आयुक्त झाले सावकारीचे महानिबंधक. जिल्हा उपनिबंधकाला जिल्ह्याचे आणि सहायक निबंधकाला तालुक्याचे अधिकार, त्यांत घरात शिरून झडती घेण्याचाही अधिकार आला. छाप्याची बातमी जन्मली ती इथे.

पण या कायद्याचा जीव शिक्षेच्या कलमात नाही, अठराव्या कलमात आहे. शेतकऱ्याने अर्ज केला किंवा तपासणीत कागद सापडला, आणि मागच्या पंधरा वर्षांत जमीन सावकारीच्या व्यवहारातून गेली असे चौकशीत दिसले, तर नोंदवलेले खरेदीखत असले तरी ते अवैध ठरवून जमीन मूळ मालकाला परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधक काढू शकतो. अपील विभागीय निबंधकाकडे. म्हणजे १९०७ च्या दहा-अ चा नातू शंभर वर्षांनी पुन्हा घरी आला, आणि या खेपेस कोर्टाऐवजी सहकार खात्याच्या कचेरीत.

ही सुनावणी कशी चालते ते पाहण्यासारखे आहे. सावकाराचा वकील नोंदणीकृत दस्त टेबलावर ठेवतो. त्यात मोबदला पोचल्याची कबुली असते, दोन साक्षीदार असतात, फेरफार झालेला असतो. शेतकऱ्याकडे लिहिलेले बहुधा काहीच नसते. मग बाजूच्या खुणांवरून वाट काढावी लागते. सरकारी दराने जमिनीची किंमत किती आणि दस्तात किती? विक्रीनंतरही शेत कसत कोण होते, वीजबिल कुणाच्या नावाचे, पीकपाहणीत नाव कुणाचे? त्याच माणसाने त्याच दोन-तीन वर्षांत गावातल्या किती जणांकडून अशाच जमिनी घेतल्या, आणि त्यांतल्या किती परत लिहून दिल्या? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात जड. एकट्या खरेदीखताने धंदा सिद्ध होत नाही. दहा खरेदीखते एका कपाटात सापडली की चित्र बदलते. पथकाला कागदच का हवे असतात ते यावरून कळते. आणि छापा दुपारी बारा वाजता, आधी ठाण्यात बंदोबस्त मागून, तालुक्याला कळेल अशा बेताने घातला तर कपाटात काय उरते, हेही.

हौसेने चाललेल्या अंमलबजावणीतला एक विनोद इथे सांगितलाच पाहिजे. १० एप्रिल २०१५ च्या शासन निर्णयाने सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांची सावकारी कर्जे माफ केली. १७१ कोटींच्या आसपास. पण फक्त परवानाधारक सावकारांची, आणि तीही त्या सावकाराने आपल्या परवान्याच्या कार्यक्षेत्रात दिलेली. म्हणजे ज्याने नियमाने, ठरलेल्या दराने दागिने ठेवून पैसे घेतले त्याचे कर्ज सरकारने फेडले. जो महिना दहा टक्क्यांच्या पाशात होता तो यादीत येऊच शकत नव्हता, कारण त्याचे कर्ज कायद्याला माहीत नव्हते. आणि शेजारच्या तालुक्यातल्या सराफाकडून पैसे घेतलेल्याला कळले की परवान्याला तालुक्याची हद्द असते.

हद्दीचा हा प्रश्न आता वेगळ्याच टोकाला पोचला आहे. मायक्रोफायनान्स आणि बँकेतर वित्त कंपन्या रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या असतात. त्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये केरळ आणि गुजरातच्या कायद्यांसंदर्भात स्पष्ट केले. त्या कंपन्यांच्या आडोशाने, आणि पुष्कळदा आडोशाशिवायच, फोनवरची कर्जाची ॲप आली. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने नोव्हेंबर २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात अशी सुमारे ११०० ॲप मोजली. त्यांतली ६०० बेकायदा. वसुलीची त्यांची तऱ्हा एल्फिन्स्टनने ओळखली असती : कर्ज घेणाऱ्याच्या फोनमधले सगळे नंबर उचलायचे आणि मावशीपासून साहेबांपर्यंत प्रत्येकाला फोन करून, फोटो पाठवून त्याची अब्रू काढायची. धोंडा डोक्यावर नाही, एवढाच फरक. सहायक निबंधकाने छापा घालायचा तर घर कुठले, कपाट कुठले? ही कारवाई सायबर पोलिसांकडे आणि सक्तवसुली संचालनालयाकडे गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये संचालनालयाने बंगळुरूत पेमेंट कंपन्यांच्या कार्यालयांवर छापे घातले ते अशाच ॲपच्या पैशासाठी.

१ जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने आपल्या संकेतस्थळावर कर्ज देणाऱ्या ॲपची यादी लावली आहे. ॲप एखाद्या नोंदलेल्या कंपनीशी खरोखर जोडलेले आहे की नाही ते पैसे घेण्याआधी तिच्यात पाहून घ्यावे, अशी अपेक्षा. यादीतली माहिती कंपन्या स्वतःच भरतात. बँक ती तपासत नाही, असे बँकेने त्याच वेळी सांगून ठेवले आहे.